कस्टमच्या लिलावातलं कडधान्य घ्यायचंय? मराठवाड्यातल्या नव्या खरेदीदारासाठी

उदगीरला आमची लहानशी डाळ मिल आहे. काही वर्षांपूर्वी मी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या एका गोदामातून लिलावात पिवळ्या वाटाण्याचा एक कंटेनर घेतला. भाव बाजारापेक्षा बराच खाली होता, म्हणून घाई केली. दारातली चार पोती पाहिली, दाणा टणक होता, रंग चांगला होता. उदगीरला गाडी खाली करताना मागच्या भिंतीकडची पोती निघाली तेव्हा आतला वाटाणा ढेकळं होऊन बसला होता. पोत्याला सुरी लावली तर दाणे सांडले नाहीत, खडा पडावा तसा एक गोळाच बाहेर आला. मालाचा तिसरा हिस्सा मातेऱ्यात गेला.

त्यानंतर मी आणखी चार लॉट घेतले आणि ते नीट पार पडले. आता लातूर, निलंगा, अहमदपूरकडून फोन येतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांची तरुण मुलं विचारतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढलं.

१. माल कुणाच्या ताब्यात आहे ते आधी ओळखा

आपल्याकडे सरसकट ‘कस्टमचा माल’ म्हणतात. पण तो तीन वेगवेगळ्या वाटांनी विक्रीला येतो, आणि प्रत्येक वाटेचे कागद वेगळे असतात.

पहिली वाट न सोडवलेल्या मालाची. आयातदाराने माल मागवला, पण भाव पडले किंवा पैसे जमले नाहीत, म्हणून तो सोडवलाच नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ४८ प्रमाणे बंदरात उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर आयातदाराला नोटीस देऊन आणि कस्टमची परवानगी घेऊन, ज्याच्या ताब्यात माल आहे तो गोदामवाला तो विकू शकतो. मिळालेल्या पैशातून आधी विक्रीचा खर्च, मग जहाजाचं भाडं, मग सीमाशुल्क, मग गोदामाचं भाडं अशा क्रमाने वाटप होतं. हे कलम १५० मध्ये आहे.

दुसरी वाट खऱ्या अर्थाने पकडलेल्या मालाची. इथे ‘जप्त’ आणि ‘सरकारजमा’ हे दोन शब्द वेगळे धरा. कलम ११० खाली माल जप्त होतो, म्हणजे फक्त ताब्यात घेतला जातो. मालकी अजून आयातदाराचीच असते. पुढे नोटीस, सुनावणी होऊन आदेश निघाला की माल सरकारजमा होतो आणि कलम १२६ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालकीचा होतो. हा आदेश देताना कलम १२५ खाली दंड भरून माल सोडवून घ्यायची सोय आयातदाराला मिळू शकते. नाशवंत मालासाठी मात्र कलम ११०(१अ) आहे. केस चालू असतानाच मोजदाद करून, नमुने काढून, मॅजिस्ट्रेटकडून दाखला घेऊन तो विकता येतो.

तिसरी वाट कस्टमची नाहीच. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली साठेबाजीत पकडलेला माल जिल्हाधिकारी कलम ६अ प्रमाणे विकू शकतात. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती. तेव्हा राज्यात गोदामांवर छापे पडले आणि पकडलेली डाळ बाजारात कशी सोडायची यावर मोठा खल झाला. आपल्या भागातल्या कित्येक मिलवाल्यांनी तो काळ जवळून पाहिला आहे.

इथला सापळा: ‘जप्त माल आहे, आपली ओळख आहे, आत्ता टोकन द्या’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला विक्रीचा आदेश आणि लिलाव क्रमांक विचारा. दोन्ही नसतील तर तो माल विकायचा अधिकार त्याला नाही. सरकार व्हॉट्सॲपवर टोकन घेत नाही.

२. माल का अडकला, ते शोधा

नवीन माणूस ही पायरी हमखास सोडतो. गोदामात गेल्यावर काय बघायचं ते माल कशामुळे अडकला यावर ठरतं, म्हणून मी हिला फार मानतो.

वाटाण्याचंच उदाहरण घ्या. २९ मार्च २०१९ च्या अधिसूचनांनी तूर, मूग, उडीद आणि वाटाणा यांच्या आयातीवर वार्षिक कोटा बसला. वाटाण्याला दीड लाख टन. काही आयातदारांनी राजस्थान उच्च न्यायालयाचे अंतरिम आदेश मिळवून कोट्याबाहेरचा माल आणला. सर्वोच्च न्यायालयाने १७ जून २०२१ ला निकाल दिला, की असा माल प्रतिबंधित धरायचा आणि दंड भरून सोडवायची सोय न देता पूर्ण सरकारजमा करायचा. देशातल्या शेतकऱ्याच्या भावाचं रक्षण हे कारण न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. माल मुळात खराब नव्हता. पण जो माल अशा वादात अडकतो तो तितका काळ कंटेनरात पडून राहतो, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत कडधान्य फार दिवस तग धरत नाही.

दुसरं उदाहरण खारकेचं. २ मे २०२५ पासून पाकिस्तानातून थेट किंवा तिसऱ्या देशामार्गे येणारा सगळा माल बंद झाला. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’मध्ये ३९ कंटेनर, सुमारे १,११५ टन माल पकडला. त्यात दुबईमार्गे, मूळ देश बदलून आणलेली खारीक होती. अशा मालात कीड किती आहे यापेक्षा मूळ देशाचा प्रश्न मोठा असतो.

सुपारी, काळी मिरी आणि सफरचंद बहुधा किमतीमुळे अडकतात. यांना किमान आयात किंमत लावलेली आहे, म्हणजे त्याखालच्या किमतीत आयात चालत नाही. सुपारीला फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपये, मिरीला ५०० रुपये, सफरचंदाला मे २०२३ पासून ५० रुपये (भूतानचं वगळून). चिनी लसणावर २०१४ पासून बंदी आहे, ती बुरशीच्या धोक्यामुळे. म्हणून पकडलेला चिनी लसूण नष्ट करायचा असतो. ‘कस्टमचा लसूण स्वस्तात’ असा निरोप आला तर फोन ठेवून द्या.

आणखी एक. धोरण सारखं बदलतं. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्कमुक्त येत होता, त्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागलं. अशा बदलाने बाजारभाव हलतो आणि तुमच्या बोलीचं गणितही हलतं. बोलीच्या आदल्या दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरच्या ताज्या अधिसूचना स्वतः वाचा.

३. कागदपत्रांची फाईल

- पॅन आणि आधार. कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि बोली लावणाऱ्याच्या नावाचा ठराव
- जीएसटी नोंदणी
- अन्न सुरक्षा परवाना, त्यावर कडधान्य किंवा सुकामेवा हा प्रकार नोंदलेला
- रद्द केलेला चेक आणि बँक खात्याचा दाखला
- डिजिटल सही (काही लिलावांना मागतात)
- बाजार समितीचा परवाना, आवारात विकणार असाल तर

आयात-निर्यात कोड सहसा लागत नाही, कारण आयात तुम्ही करत नाही, देशातल्या देशात खरेदी करता. वेगळी अट असेल तर ती कॅटलॉगमध्ये, म्हणजे लिलावाच्या मालाच्या यादीत, लिहिलेली असते.

४. नोंदणी

बरेचसे लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. नोंदणी ऑनलाइन, शुल्क एकदाच. जीएसटीवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माझं ‘ॲण्ड सन्स’ एका ठिकाणी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. तेवढ्यासाठी बारा दिवस गेले. लिलाव समोर आल्यावर नोंदणीला धावू नका, आधीच करून ठेवा.

५. कॅटलॉग ओळ न् ओळ वाचा

प्रत्येक लॉटसमोर वजन, ठिकाण, बघण्याच्या तारखा, अनामत रक्कम आणि अटी असतात. ‘जसा आहे, जिथे आहे’ हे शब्द दिसतीलच. म्हणजे नंतर तक्रार चालत नाही. मी ढेकळांचे फोटो काढून पाठवले होते. उत्तरात याच अटीवर बोट ठेवलेलं होतं, आणि अट मी सही करून मान्य केलेली होती.

बोलीचं एकक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. कुठे भाव टनाला असतो, कुठे किलोला, कुठे अख्ख्या लॉटला. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने क्विंटलच्या हिशोबाने डोक्यात धरलेला आकडा टनाच्या रकान्यात घातला. बोली कमी भरली म्हणून तो वाचला. उलटं झालं असतं तर अनामत गेली असती.

अटींमध्ये ‘वनस्पती संगरोध’ आणि ‘अन्न सुरक्षा’ हे शब्दही शोधा. बाहेरून आलेल्या शेतमालाला वनस्पती संगरोध आदेश २००३ लागू होतो. मूळ देशाचा रोगमुक्ततेचा दाखला, धुरी (कीड मारायला दिलेला विषारी वायू), इथली तपासणी, हे सगळं त्यात येतं. लिलावाच्या मालाचा नमुना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेत पास झाला आहे का, कोणत्या तारखेला झाला, हे लेखी विचारा. सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल म्हणजे त्यानंतर एक पावसाळाही जाऊन गेलेला असू शकतो.

६. माल बघायला स्वतः जा

लातूरहून रात्रीची गाडी धरली की सकाळी पनवेल. तिथून गोदाम. सोबत घ्यायच्या वस्तू: पोत्यात खुपसून दाणे काढायची परखी, ओलावा मोजायचं यंत्र, हातचाळणी, टॉर्च, पारदर्शक पिशव्या, खुणेचा पेन, ओळखपत्राच्या प्रती, पायात बूट.

कंटेनर उघडल्याबरोबर आत शिरू नका. धुरी दिलेली असते. मिथिल ब्रोमाइड किंवा फॉस्फिनचा वायू आत साठून राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. दोन्ही दारं उघडी ठेवा आणि वायू मोजून आत जायला हरकत नाही असं तिथल्या जबाबदार माणसाने सांगेपर्यंत बाहेर थांबा. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, पण तुम्ही दोनदा वाचा.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या खेपेला मी दारातल्या पोत्यांना परखी लावत होतो. तिथला हमालांचा मुकादम बाजूला येऊन उभा राहिला. बोलण्यावरून ओळखलं, आंबाजोगाईकडचा निघाला. म्हणाला, “अण्णा, दारातलं पोतं सगळेच बघतेत. पाठीमागची थप्पी काढायला लावा. लोखंड रात्री गार पडतं, छताला पाणी सुटतं आणि वरच्या अन् भिंतीकडच्या पोत्यांवर गळतं.” माझ्या पहिल्या कंटेनरात नेमकं हेच झालं होतं. पाऊस लागला नव्हता, समुद्राचं पाणीही शिरलं नव्हतं. दाण्यातलीच ओल दिवसा उन्हात वाफ होऊन वर गेली, रात्री थंड पत्र्याला लागून थेंब झाली आणि परत पोत्यांवर पडली. महिनोन्‌महिने.

तेव्हापासून मी गोदामवाल्याला आधी लेखी अर्ज देतो, की मधली एक ओळ काढून मागच्या भिंतीपर्यंत वाट करून द्यावी, हमालीचा खर्च मी देतो. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. जिथे देत नाहीत, तिथे मी बोली लावत नाही.

बघताना हे करा:

- छताखालची, भिंतीलगतची, जमिनीवरची आणि मधली अशा चारही जागांची पोती निवडा. प्रत्येक नमुन्याच्या पिशवीवर जागा लिहा.
- मूठभर दाणे बंद मुठीत धरून तोंडाची वाफ द्या आणि वास घ्या. बुरशी आधी नाकाला कळते.
- पोत्याच्या शिवणीजवळ पीठ साचलंय का बघा. दाण्याला गोल भोक म्हणजे भुंगा आत राहून गेलाय.
- ओलाव्याचा आकडा चारही ठिकाणचा वेगवेगळा लिहा. सरासरी काढू नका, सरासरीत ओलं पोतं लपतं.
- पोत्यावरचा देश, वर्ष आणि कंटेनर क्रमांक कॅटलॉगशी जुळवा. फोटो काढायची परवानगी विचारा.

खारीक असेल तर दहा-बारा फोडून आत बघा. बाहेरून चकचकीत असलेल्या खारकेतही बियेभोवती किडीचं जाळं असू शकतं.

७. बोलीचा हिशोब घरी करा

समजा २४ टन वाटाण्याला २८ रुपये किलोचा भाव डोक्यात आहे. मालाचे झाले ६,७२,०००. उदगीरपर्यंत गाडीभाडं ६०,०००. दोन्हीकडची हमाली, गोदामाची हाताळणी आणि नवा बारदाना ३०,०००. बघायला जाणं आणि नमुना तपासणी १०,०००. एकूण ७,७२,०००. चाळणीत आठ टक्के माल गेला तर हातात २२,०८० किलो राहतं. म्हणजे किलो पडला जवळपास ३५ रुपयांना. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण २८ आणि ३५ मधलं अंतर लक्षात ठेवा.

जीएसटीचं विसरू नका. केंद्र सरकारने विकलेल्या सरकारजमा मालावर खरेदीदार नोंदणीकृत असेल तर कर खरेदीदारानेच उलट आकारणीने भरायचा असतो. सुट्या कडधान्यावर कर नाही, सुकामेव्यावर आहे. मिलचा हिशोब लिहिणाऱ्याला बोलीच्या आधीच बसवून विचारा.

८. बोलीचा दिवस

अनामत एक-दोन दिवस आधी भरा, बँकेच्या भरवशावर शेवटचा दिवस ठेवू नका. घरचा वायफाय आणि मोबाईलचं नेट दोन्ही चालू ठेवा, आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की बहुधा वेळ आपोआप वाढते. ठरवलेला वरचा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा आणि तो ओलांडला की स्क्रीन बंद करा.

सगळ्यांत वरची बोली तुमची आली म्हणजे माल मिळाला असं नाही. ‘मंजुरीच्या अधीन’ असेल तर विक्रेता नाकारू शकतो. मंजुरीचं पत्र येईपर्यंत गाडी ठरवू नका आणि गिऱ्हाईकाला शब्द देऊ नका.

९. पैसे आणि उचल

मंजुरीच्या पत्रात दोन मुदती असतात, एक पैसे भरायची आणि एक माल उचलायची. पहिली चुकली की अनामत जाते. दुसरी चुकली की रोजचं भाडं सुरू होतं. वजन काट्यावर तुमच्या माणसासमोर व्हावं. गाडीसोबत विक्रीपत्र, डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास आणि काट्याची चिठ्ठी यांच्या प्रती द्या. परदेशी छाप्याची पोती भरलेली गाडी रस्त्यात कुणी थांबवली तर ड्रायव्हरकडे दाखवायला कागद पाहिजेत. मूळ फाईल शेवटचं पोतं विकलं जाईपर्यंत जपा.

१०. माल मराठवाड्यात आल्यावर

साठामर्यादा चालू आहे का ते आधी बघा. जून २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्याला लागली होती, ठोक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळला ५ टन, आणि साठा केंद्राच्या पोर्टलवर नोंदवायचा होता. लिलावाचा माल आहे म्हणून सूट मिळत नाही.

पिवळा वाटाणा दळून बेसनात घालू नका. बेसन म्हणजे फक्त हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, कायद्यातली व्याख्याच तशी आहे. वाटाणा वाटाणा म्हणूनच विका. बाहेरच्या तुरीला लातूरची तूर म्हणू नका. आपल्या तुरीचं नाव बदनापूर-परभणीच्या कृषी संशोधनातून आणि इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घामातून झालंय.

आणि एक काम कधीही करू नका. या मालातलं एक पसाही बियाणं म्हणून देऊ नका. गेल्या जूनमध्ये एक शेतकरी मिलवर आला. “मालक, दाणा टपोराय, दोन पायल्या पेरायला द्या,” म्हणाला. मी नाही म्हटलं, तो नाराज झाला. पण खाण्यासाठी आलेल्या मालाची तपासणी वेगळी असते आणि पेरणीसाठी आयात करायला वेगळी परवानगी लागते. दाण्याच्या आत कोणती बुरशी, कोणत्या तणाचं बी बसून आलंय हे आपल्या डोळ्याला दिसत नाही. ते एकदा मांजरेच्या खोऱ्यातल्या रानात उतरलं तर परत काढता येणार नाही. त्या शेतकऱ्याला मी बदनापूरच्या बीडीएन-७११ या तुरीच्या वाणाचं बियाणं कुठे मिळेल ते सांगून पाठवलं.

चाळणीतून निघालेलं मातेरंही उकिरड्यावर टाकू नका. तिथून ते शेणखतात जातं आणि शेणखत रानात जातं. आम्ही बुरशीचं मातेरं मिलमागे खड्ड्यात पुरतो, वर चुना टाकतो. जनावरांच्या पेंडीतही घालत नाही.